बदक, होडी, छत्री

एक

“ताई, या पोरीचं एकदा मोठ्या दवाखान्यात रक्त बघून घ्या. आजारी सगळीच पोरं पडतात. पण ती पडतात आणि उठतात. ही पडते, उठते आणि पुन्हा पडते. मला काही हे बरं दिसत नाही.”

पाळणाघराच्या दारात, सकाळी पावणेनऊला, मावशी मला हे म्हणाल्या होत्या. माझ्या एका हातात लेक, दुसऱ्या हातात तिची पिशवी आणि दातांत घराच्या किल्ल्या. किल्ल्या काढून मी म्हटलं, “मावशी, तुम्ही मुलं सांभाळा. डॉक्टरकी आम्ही बघू.”

त्या हसल्या, लेकीला कडेवर घेऊन आत गेल्या. मी ऑफिस गाठलं आणि ते बोलणं विसरूनही गेले. बोलणारा विसरतो. ज्याला बोललं जातं, तो विसरत नाही.

मुलं त्यांना मलममावशी म्हणत. त्यांच्या बोटांच्या पेरांवर आणि मनगटांवर लालसर चट्टे होते, वर पांढरे पापुद्रे. सोरायसिस. हात धुतले की त्या खिशातली डबी काढून त्वचा मऊ ठेवणारं साधं मलम चोळायच्या, आणि मुलं रांगेने आपलेही हात पुढे करायची. सगळ्यांना नखाएवढं मलम मिळायचं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी दिली होती. ती चिठ्ठी मी स्वतः वाचली होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. आणि नवऱ्याच्या मते, काळजी करण्यात पीएचडी.

तरीही, लेक दोन वर्षांची झाल्यावर तिच्या कानांमागे, मग टाळूवर, मग पाठभर तसेच चट्टे उठले, तेव्हा त्या पदवीचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. पालकांच्या गटावर मी लिहिलं : “ज्यांच्या हातांवर उघडे चट्टे आहेत, त्यांच्याकडे आपली मुलं सोपवणं कितपत योग्य आहे?” नाव घेतलं नाही. पण पाळणाघरात तसे हात किती जणांचे होते?

दोन तासांत चाळीस उत्तरं आली. मोठ्या बाईंनी, म्हणजे पाळणाघराच्या चालकबाईंनी, शनिवारी पालकांची बैठक ठेवली. मुलांच्या आजारपणांची नोंद असलेली मोठी वही तिथे सगळ्यांसमोर उघडायची आणि मावशींना ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं, असा बेत होता.

त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांनी लेकीला एक जोरकस गोळी लिहून दिली होती. ती बैठकीनंतरच्या सोमवारी सुरू करायची होती.

आणि मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता गटावर मोठ्या बाईंचा निरोप आला : “मोठी वही चोरीला गेली आहे.”

दोन

“आग तू लावायची आणि पाण्याची बादली घेऊन म्हातारीने धावायचं,” आत्या म्हणाल्या. “चल. ऑफिसला सांग, सकाळचा अर्धा दिवस येत नाही म्हणून.”

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापायच्या आधी पानांतल्या चुका हेरणं हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्या, पण डोळा निवृत्त झाला नाही. औषधाच्या बाटलीपासून लग्नपत्रिकेपर्यंत त्यांच्या हातून काही सुटत नाही. “चूक शोधायची असेल तर वाचायचं नसतं,” त्या म्हणतात, “बघायचं असतं. वाचणाऱ्याला तिथे जे असायला हवं तेच दिसतं.”

निघताना लेकीची पिशवी घ्यायला मी मागच्या दोरीकडे गेले. सासूबाईंनी ती आदल्या संध्याकाळी धुतली होती. दूध सांडलं, म्हणाल्या. पिशवी अजून ओलसर होती आणि वर शिवलेल्या छत्रीच्या चित्राचा एक कोपरा उसवून वर आला होता. टाका घालायला हवा, अशी मी मनात नोंद केली आणि लेकीचे कपडे दुसऱ्या पिशवीत भरले.

पाळणाघरात तीन खोल्या आहेत. रांगणाऱ्यांची, चालणाऱ्यांची, बोलणाऱ्यांची. मूल रांगायचं थांबलं की पुढच्या खोलीत जातं. प्रत्येक खोलीत भिंतीला खुंट्या आणि खुंटीवर एकेक चित्र. मुलांना नाव वाचता येत नाही, चित्र ओळखता येतं. म्हणून पिशवीवर तेच चित्र शिवायचं, वहीतही तेच चित्र. तिथे आमची पिटुकली म्हणजे छत्री.

मोठ्या बाई दिवाणखान्यातल्या टेबलापाशी उभ्या होत्या. टेबल चांगलं छातीइतकं उंच, वर गडद निळं कापड. वही रोज त्यावर असायची. पाच ते साडेपाच या वेळात मुलं न्यायला येणारे त्यात सही करायचे आणि सहाला बाई ती कपाटात ठेवायच्या.

“काल सहाला आले तर वही नाही,” बाई म्हणाल्या. “आणि हे बघा. मी हात लावू दिला नाही कोणाला.”

निळ्या कापडावर, वहीच्या जागेशेजारी, पांढरे बारीक पापुद्रे पडले होते. पाच-सात. साबुदाण्याच्या पापडाचा चुरा पडावा तसे.

“आणखी पुरावा काय हवा? तिच्याच हातांचे आहेत. वहीतले आकडे तिच्या विरुद्ध होते ना! मी आधीच उतरवून ठेवले, म्हणून बरं.” बाईंनी एक चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठीत होतं : रांगणाऱ्यांची खोली, लाल फुल्या तीन. चालणाऱ्यांची, चार. बोलणाऱ्यांची, चार.

लाल फुली म्हणजे गंभीर आजारपण. तीन दिवसांहून जास्त रजा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. साध्या सर्दीला नुसता निळा ठिपका.

“मावशी आपली तुकडी घेऊन खोल्या बदलतात,” बाई म्हणाल्या. “मुलं मोठी होतात तशा त्याही पुढच्या खोलीत. आणि गेल्या दोन वर्षांत त्या ज्या खोलीत होत्या, लाल फुल्या फक्त त्याच खोलीत! बाकी खोल्यांत एकही नाही. आजार त्यांच्यामागून चालत येतो, दुसरं काय?”

म्हणजे माझं बरोबर होतं.

आत्यांनी चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. “फुल्या कोणाकोणाच्या नावावर?”

“ते मी नाही उतरवलं. मुलांचं गुपित असतं ना. मी फक्त फुल्या मोजल्या.”

“हं,” आत्या म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही वाचलंत. बघितलं नाहीत.”

तीन

स्वयंपाकाच्या काकू मोठ्या पातेल्यात बटाटे कुस्करत होत्या. मावशींची आणि त्यांची बारा वर्षांची दोस्ती.

“मी चोरली असती ना वही, तर चुलीत घातली असती,” त्या म्हणाल्या. “चोरून ठेवायची कशाला? लोणचं घालायला?”

“काल संध्याकाळी दिवाणखान्यात कोण होतं?”

“कोण नव्हतं ते विचारा. नव्या टीचर भिंतीवर फुलपाखरं चिकटवत होत्या. मावशी पोरांना दारापर्यंत सोडत होती. आईबाप, आज्या-आजोबा, नुसती जत्रा.”

“आणि ते टेबल? रोज कोण पुसतं?”

काकूंनी पळी खाली ठेवली. “मी. साडेचारला. वरचं कापड दारात झटकते, टेबल पुसते, कापड पुन्हा अंथरते. वीस वर्षांत चुकलं नाही. माझ्या पुसण्यात खोट काढायला आला असाल, तर हा बटाटा आणि ही मी.”

“खोट नाही हो,” आत्या गोड हसल्या. “उलट तुमच्या फडक्यावरच सगळी भिस्त आहे माझी.”

नव्या टीचर पंचविशीच्या, फार व्यवस्थित. मावशी गेल्या तर बोलणाऱ्यांची खोली त्यांना मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यांनी आडवळण न घेता तेच विचारलं.

टीचरचा चेहरा लाल झाला. “मला खोली हवी आहे. पण अशी नको. मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, मलम कुठेय? मी काय देऊ त्यांना?” मग हळूच म्हणाल्या, “मावशींनी काल टेबलाला हातसुद्धा लावला नाही. मी स्टुलावर होते, सगळं दिसत होतं. पण मला कोण विचारतंय?”

“मी विचारतेय की,” आत्या म्हणाल्या. “वही उचलताना कोणाला पाहिलंत?”

“नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी माझं फुलपाखरू पडलं, म्हणून खाली उतरले. तेवढंच काय ते.”

“त्या वेळी टेबलापाशी कोण?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. “आठवत नाही.”

त्यांना आठवत होतं. हे मलासुद्धा कळलं.

चार

मलममावशी बोलणाऱ्यांच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या. “या ताई. पिटूच्या पाठीला काल जरा जास्तच खाज होती. नखं कापलीत मी तिची.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

आत्यांनी त्यांचे हात हातात घेतले, अगदी जवळ धरून पाहिले. चट्टे होते, पण मलमाने चकाकत होते. आत्यांनी आपल्या काळ्या पर्सवर त्यांचा हात हलकेच घासला. काळ्या कातड्यावर तेलकट डाग उमटला. पापुद्रा एकही नाही.

“सुटे पडत नाहीत?”

“दिवसातून दहादा मलम लावते हो. कोरडी पडू दिली तर पडतात, पण पोरांच्या दुधात पडायला नकोत म्हणून मी कोरडी पडूच देत नाही.”

“आणि काल संध्याकाळी?”

मावशी जरा ओशाळल्या. खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले. “बाईंनी गेल्या आठवड्यापासून सांगितलंय. पालक यायच्या आधी, साडेचारपासून सगळ्यांना घरी धाडेपर्यंत हे घालायचे. दिसायला नको म्हणून.”

आत्या माझ्याकडे वळल्या.

“सूनबाई, तू शिकलेली आहेस. सांग बघू. साडेचारला टेबल पुसलं, कापड झटकलं. सहाला त्यावर पापुद्रे. मधल्या दीड तासात या बाईचे हात मोज्यांत, मोज्यांखाली मलम. मग पापुद्रे कोणाचे?”

“दुसऱ्या कोणाचे तरी,” मी म्हटलं.

“त्याच दुखण्याच्या दुसऱ्या कोणाचे तरी. त्याने मलम लावलेलं नाही, कारण ते लपवलेलं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतात तुम्ही सगळे.”

त्याच दुखण्याचं, काल पाच वाजता तिथे असलेलं मला एकच माणूस ठाऊक होतं. माझी अडीच वर्षांची लेक.

“तिचा हातही पुरत नाही त्या टेबलाला,” आत्या माझा चेहरा वाचून म्हणाल्या. “पण तिला न्यायला कोण येतं गं रोज?”

पाच

सासूबाई घरी मटार सोलत बसल्या होत्या. बाहेर उकाडा रटरटत होता आणि अंगात त्यांचा नेहमीचा गडद निळा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मी या घरात आल्यापासून त्यांना त्याशिवाय पाहिलेलं नाही. “रक्तच थंड आहे माझं,” असं त्या म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

आत्या समोर बसल्या. चार शेंगा सोलल्या. मग हात पुढे करून सासूबाईंच्या कोपराजवळून काहीतरी चिमटीत उचललं आणि काळ्या पर्सवर ठेवलं. पांढरा, बारीक पापुद्रा.

“कोंडा असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“कोपरावर केस उगवलेत वाटतं, वहिनी?”

“वन्सं, सकाळी सकाळी थट्टा नको.”

“दूध सांडलं की बाटली धुतात. पिशवी तुम्ही शनिवारी धुता, मंगळवारी धुतलीत. वही तिच्यातूनच आणलीत, आणि पिशवी ओली करून दोरीवर टाकली म्हणजे सूनबाई आत हात घालणार नाही. वही कुठे ठेवलीत?”

मटारचा एक दाणा टपकन खाली पडून घरंगळत गेला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उठल्या, आतल्या खोलीतून लेकीच्या लहान झालेल्या कपड्यांची पेटी आणली आणि तळातून मोठी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

“काखेत कळसा,” आत्या पुटपुटल्या.

“आई, का?” मी विचारलं.

त्यांनी स्वेटरची बाही वर केली. कोपरापासून दंडापर्यंत, नकाशासारखे जाड चट्टे. काही ठिकाणी भेगा पडलेल्या.

“चौदा वर्षं झाली. फक्त तुझ्या सासऱ्यांना ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “पिटू या खोलीत आली तेव्हापासून तिला आणायला मीच जाते ना, सही करताना रोज वही बघायचे मी. या खोलीतल्या चारही लाल फुल्या आपल्या छत्रीसमोर. चारही! बैठकीत ते पान उघडलं असतं तर बाईंनी आपलीच पोर काढली असती. आणि मला वाटलं, वही नाही तर बैठक नाही. मावशीचीही नोकरी वाचेल. तिचा काय दोष गं? तिचं नाही लागलं पिटूला. माझं लागलंय.”

“मग मला का नाही सांगितलं?”

सासूबाईंनी बाही खाली ओढली. “मावशीचे हात बघून तू काय लिहिलंस ते मी वाचलं होतं. माझे बघितले असतेस, तर तिला माझ्या कडेवर दिली असतीस?”

उत्तर मला ठाऊक होतं.

“रडणं नंतर,” आत्या म्हणाल्या. त्यांनी पर्समधून एक जुना पुठ्ठा काढला. मध्ये एका ओळीपुरती लांब खाच. “आधी वही. चारच फुल्या छत्रीच्या ना? मग बाकीच्या सात कोणाच्या?”

सहा

आत्या पान कधीच पहिल्यापासून वाचत नाहीत. शेवटच्या ओळीपासून सुरुवात, पुठ्ठा खालून वर सरकवत. “पुढून वाचलं की गोष्ट आपल्याला ओढत नेते,” त्या म्हणतात. “मागून आलं की प्रत्येक ओळ एकटी सापडते.”

खाचेतून एकेक ओळ दिसू लागली. ससा, निळा ठिपका. फुगा, निळा ठिपका. छत्री, लाल फुली, न्युमोनिया. सासूबाई आणि मी दोन्ही बाजूंनी वाकलो होतो.

छत्रीच्या चार फुल्या संपल्या. आम्ही चालणाऱ्यांच्या खोलीत शिरलो. होडी, लाल फुली, कान फुटला. होडी, लाल फुली, छातीत कफ. चारही फुल्या होडीसमोर. बाकी मुलांना नुसते ठिपके. मग रांगणाऱ्यांची खोली. बदक, लाल फुली. बदक. बदक.

“म्हणजे तीनच मुलं,” सासूबाई म्हणाल्या. “तिघंही मावशीच्या हाताखालची. अरे देवा, म्हणजे तिचंच...”

“थांबा वहिनी. होडीची शेवटची फुली कधीची? आणि छत्रीचं नाव वहीत पहिल्यांदा कधी येतं?” आत्यांचं बोट दोन तारखांवर होतं. शुक्रवार आणि त्यापुढचा सोमवार. “एक मूल उठून गेलं त्याच्या मागोमाग दुसरं येऊन पडलं? इतकी वक्तशीर आजारपणं मी पाहिली नाहीत.”

मी उठले. मागच्या दोरीवरून पिशवी ओढली, कात्री घेतली आणि उसवलेल्या कोपऱ्यापासून छत्रीचे टाके कापत गेले. खोली बदलली की खुंटीचं चित्रही बदलायचं, आणि प्रत्येक वेळी जुनं चित्र काढायचा कंटाळा केला होता मी. त्याच्यावरच नवं शिवलं होतं.

छत्रीखाली होडी होती.

होडीखाली, विटलेलं, एका डोळ्याचं बदक.

आजार मावशींच्या मागून खोल्या बदलत नव्हता. मावशींबरोबर त्यांची अख्खी तुकडी खोल्या बदलत होती. आणि त्या तुकडीत माझी मुलगी होती.

“त्या तुकडीतली बाकी पोरं त्याच हातांनी वाढली,” आत्या म्हणाल्या. “त्याच हातांनी जेवली, रोज तेच मलम हाताला लावून घेतलं. एकालाही फुली नाही. हात निर्दोष आहेत. अकरा फुल्या, मूल एक.”

तुम्ही म्हणाल, आईला कळू नये? नाही कळलं. कान फुटला तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे, कफ झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, जुलाब झाले तेव्हा मी माहेरी होते, तिथल्या डॉक्टरकडे, आणि चट्ट्यांसाठी त्वचेच्या. प्रत्येकाने आपापला तुकडा बघितला, आपापलं औषध दिलं. “पाळणाघरातली मुलं पडतातच आजारी,” असं प्रत्येक जण म्हणाला, आणि मला तेच ऐकायचं होतं. सगळे तुकडे एका जागी फक्त एका बाईने पाहिले होते. तिला मी म्हटलं होतं, डॉक्टरकी आम्ही बघू.

“सोमवारची ती गोळी,” आत्या एकदम म्हणाल्या. “काय करते ती?”

घडी केलेला कागद मी पर्समधून काढला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : ही गोळी शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवते.

सात

दुसऱ्या दिवशी सकाळी त्वचेच्या डॉक्टरांपुढे मी अकरा फुल्यांची यादी ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि खुर्ची पुढे ओढली.

“मी तुम्हाला विचारलं होतं, आणखी काही आजार?”

“मी म्हटलं, साधे सर्दी-खोकले.”

“हे साधे नाहीत.” त्यांनी गोळीच्या कागदावर आडवी रेघ मारली. “रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत ही सुरू करायची नाही.”

तिथून प्रतिकारशक्तीच्या डॉक्टरीणबाईंकडे. मधले दिवस मी कसे काढले ते विचारू नका. त्या काळातलं जेवण मला आठवत नाही. रिपोर्ट आला. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात असायला हवीत त्याच्या निम्मीही नव्हती.

“पण डॉक्टर,” मी म्हटलं, “सोरायसिस म्हणजे प्रतिकारशक्तीचा अतिरेक, असं मी वाचलं. मग ती कमी कशी?”

“दोन्ही एकाच घरात नांदतात कधीकधी,” त्या म्हणाल्या. “समजा, वेशीवर पहारेकरी कमी आहेत. म्हणून चोर आत येतात. कान, छाती, पोट. आणि जे थोडे आहेत त्यांना धड शिकवलेलं नाही, ते घरच्यांनाच चोर समजून बडवतात. तो मार म्हणजे हे चट्टे. कुंपणानेच शेत खायचं. सोरायसिस असलेल्या बहुतेकांमध्ये पहारा पुरेसा असतो, त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण चट्टे आणि पुन्हा पुन्हा मोठी आजारपणं एकाच माणसात दिसली, तर रक्त बघायलाच हवं. कमी पहारा असताना ती गोळी दिली असती, तर उरलेलेही झोपले असते.”

“हे माझ्यामुळे का हो?” कोपऱ्यातून सासूबाईंनी विचारलं. बाही खालीच होती.

डॉक्टरीणबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. “बघू.” सासूबाईंनी बाही वर केली. “चट्ट्यांचा कल घराण्यात असू शकतो. पण तो कोणी कोणाला कडेवर घेऊन देत नाही, आजी. तुमचंही रक्त तपासू. आणि एवढ्या भेगा पडेपर्यंत औषध का नाही घेतलंत?”

“कोणाला दिसू नये म्हणून,” सासूबाई म्हणाल्या, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या स्वतःवरच हसल्या. “जसं काही स्वेटर कोणाला दिसत नव्हता!”

त्यांचं रक्त ठीक निघालं. प्रतिपिंडं भरपूर. “जिभेवरून वाटलंच होतं,” आत्या म्हणाल्या.

आठ

आधी शनिवार सांगायला हवा. रिपोर्ट यायचा होता, पण वही होती. मी ती निळ्या कापडावर ठेवली, पिशवी शेजारी ठेवली आणि चाळीस पालकांसमोर उभी राहिले. सासूबाई पुढच्या रांगेत होत्या. वही मी घेतली, असं त्यांनी स्वतःच उठून सांगितलं, अर्ध्या बाह्यांत. मोठ्या बाई बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मावशींच्या पुढ्यातले हातमोजे उचलले आणि आपल्या खणात टाकले.

मी मावशींची माफी मागितली. पाठ केलेली चार वाक्यं होती, दुसऱ्यातच अडकले.

“असू दे ताई,” मावशी म्हणाल्या. “रक्त दिलं ना तपासायला? मग झालं.”

“एवढं साधं सोडू नका हिला,” मागून काकू ओरडल्या. “महिनाभर बटाटे सोलायला लावा!”

नव्या टीचर तेवढ्यात आत्यांच्या कानाशी आल्या. “मला आठवत होतं. टेबलापाशी आजी होत्या. पण त्या मला रोज म्हणायच्या, फुलपाखरं छान झालीत. दुसरं कोणी म्हणत नव्हतं.”

याला आता आठ महिने झाले. दर चार आठवड्यांनी आम्ही पिटूला दवाखान्यात नेतो आणि सलाईनसारख्या नळीतून तिच्या रक्तात दुसऱ्यांची प्रतिपिंडं सोडतात. उसने पहारेकरी. त्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवर बसते आणि त्यांना नखाएवढं मलम लावून देते. काही लसी पुढे ढकलल्या आहेत. चट्टे कधी वाढतात, कधी विरतात, मलमावर भागतं. माझी काळजी काही गेलेली नाही, पण आता ती वहीत बसते. मावशी रोजच्या ओळी लिहितात, मी रविवारी शेवटून सुरुवातीकडे वाचते. आठ महिन्यांत सात निळे ठिपके. लाल एकही नाही.

संध्याकाळी पाचला सासूबाई पिटूला आणायला जातात आणि सहा वाजेपर्यंत परतत नाहीत. दोघी खिडकीपाशी बसून एका डबीतलं मलम लावत असतात आणि जगातल्या सगळ्या डॉक्टरांची मापं काढत असतात. निळा स्वेटर आत्यांनी उसवला आणि त्या लोकरीची पिटूला टोपी विणली.

चोर सापडला, वही सापडली, मावशी राहिल्या. गोष्ट इथे संपते. पण पुस्तक मिटण्याआधी माझं एक काम करा.

तुमच्याही घरात कोणीतरी असेल. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालणारं. फोटोत हात मागे लपवणारं. विचारलं की “काही नाही गं, कोरडी त्वचा” म्हणणारं. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. आधी चार मटार सोला, घाई करू नका. मग बाही वर करायला सांगा, आणि त्यांचा हात हातात घ्या. हा आजार लागत नाही. आणि विचारा, वर्षात किती वेळा आजारी पडलात? “साधीच सर्दी” म्हणाले, तर मोजा. बोटांवर मोजा, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत.

जाऊन बघाल ना?